झाकूला कामावर पाठवताना: १/१४४ मॉडेलची बांधणी, बदल आणि रंगकाम

जुलै १९८० मध्ये बांदाईने गंडमचा, म्हणजे एका जपानी कार्टून मालिकेतल्या यंत्रमानवाचा, पहिला १/१४४ (मूळ मापाच्या १४४ व्या भागाएवढा) संच ३०० येनला विकायला काढला. तो एकाच रंगाच्या प्लास्टिकचा होता. भाग गोंदाने चिकटवायचे आणि रंग आपला आपण द्यायचा. आज त्याच मापाचा एचजी (हाय ग्रेड) संच गोंदाशिवाय जुळतो, भाग मुळातच रंगीत असतात आणि एका संध्याकाळी मॉडेल उभं राहतं. उभं राहतं खरं, पण खेळण्यासारखं दिसतं. कापल्याच्या पांढऱ्या खुणा, दोन अर्धुकं जुळल्याची रेघ आणि प्लास्टिकची चकाकी ही त्याची कारणं.

म्हणून कामाचा क्रम असा धरायचा: आधी कारखान्याच्या खुणा पुसायच्या, मग वापराच्या खुणा उमटवायच्या. नवशिक्यांचा ओढा थेट गंज आणि ओरखड्यांकडे असतो. जोडाची रेघ तशीच ठेवून वर गंज चढवला, तर हाती येतं ते गंजलेलं खेळणं.

उदाहरणाला एमएस-०६ झाकू टूचा एचजी संच घेऊ. त्याच मालिकेसाठी कुनिओ ओकावारा यांनी रेखाटलेलं हे एका डोळ्याचं हिरवं यंत्र. गंडम हा कथेचा नायक, त्याचे रंग ठरलेले. झाकू मात्र शेकड्यांनी तयार झालेला शिपाई. प्रत्येक तुकडीने त्याला आपापल्या परीने ठाकठीक केलं असणार, त्यामुळे तुम्ही काहीही बदललंत तरी कोणी चूक काढू शकत नाही. बदल करायला शिकण्यासाठी याहून सोयीचा संच मला माहीत नाही.

कापण्याआधी एक वाक्य

डबा उघडला की हात निपरकडे, म्हणजे भाग कापायच्या पकडीकडे, जातो. त्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा: हा झाकू कुठे असतो आणि काय करतो? ‘वाळवंटातल्या तळावर रसद पोचवणारा, दोन वर्षं न धुतलेला’ किंवा ‘काल कारखान्यातून निघालेला, अवकाशात पहिल्याच मोहिमेवर’. पुढचा प्रत्येक निर्णय यावरून होतो. अवकाशातल्या यंत्राच्या पायाला धूळ लागत नाही. वाळवंटातल्याला ती गुडघ्यापर्यंत लागते, पण डोक्यावर क्वचितच.

दुसरी गोष्ट मापाची. झाकूची उंची १७.५ मीटर, म्हणजे १/१४४ मध्ये सुमारे १२ सेंटिमीटर. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस त्याच्या पायाशी जेमतेम १२ मिलिमीटरचा. तुम्ही उमटवलेला १ मिलिमीटरचा ओरखडा प्रत्यक्षात १४ सेंटिमीटरहून रुंद असतो. हे गणित डोक्यात ठेवलं की हात आपोआप आवरता राहतो. जाड रेघा आणि मोठमोठी भोकं यंत्राला लहान करून टाकतात.

हत्यारं

चांगला निपर, धारदार हॉबी नाइफ आणि जादा पाती, चिमटा, ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, हाताने फिरवायचा छोटा ड्रिल, प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद), थोडं सुपर ग्लू. सुरुवातीला एवढं पुरतं. एकपाती जपानी निपर महाग असतो आणि कापतोही सुरेख, पण जाड रनरवर, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावर, वापरला की पातं तुटतं. दोन निपर ठेवावेत: जाडसर कामाला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा कटर, आणि भागाजवळच्या शेवटच्या कापाला चांगला. पैसे कमी असतील तर निपरवर कमी आणि वॉटर पेपरवर जास्त घाला. पेपर छोट्या चपट्या काडीवर चिकटवून वापरा, नुसत्या बोटाने घासलं की कडा गोल होतात.

रनरवर बारीक अक्षरांत प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो: पीएस, एबीएस, पीई वगैरे. ते वाचून ठेवा. पीएस म्हणजे पॉलिस्टायरिन, सिमेंटने उत्तम विरघळतं. सांध्यातल्या मऊ पॉलिकॅप पीईच्या असतात, त्यांना ना गोंद धरत ना रंग. एबीएस कठीण असलं तरी इनॅमल थिनरपुढे हात टेकतं. ते कसं, ते पुढे रेघांच्या कामात येईल.

कापणं आणि गेटची खूण घालवणं

भाग रनरला ज्या दांडीने जोडलेला असतो तो गेट. पहिला काप भागापासून लांब, भाग सुटा करण्यापुरता. दुसरा काप जवळ, पण साधारण अर्धा मिलिमीटर उरेल असा. उरलेला उंचवटा चाकूने पातळ पातळ तासायचा आणि शेवटी ६०० मग १००० नंबरने घासायचा. एका दमात भागाला लागून कापलं की प्लास्टिकवर ताण येतो आणि पांढरा डाग पडतो. झाकूच्या गडद हिरव्या भागांवर तो फार उठून दिसतो. किरकोळ डाग नखाने जोराने चोळल्यावर बराचसा जातो. रंग देणार असाल तर त्याची काळजीच नको, मात्र खड्डा पडला असेल तर तो रंगाखालीही दिसतो.

चाकू ओढताना अंगठा पात्याच्या वाटेत ठेवू नका आणि बोथट पातं लगेच बदला. हात कापतात ते बहुतेक बोथट पात्यानेच, कारण जोर द्यावा लागतो.

रंगकाम ठरलं असेल तर भाग पूर्ण दाबून बसवू नका. आधी खुंट्यांची टोकं किंचित तिरकी कापा, म्हणजे भाग जुळतीलही आणि उघडतीलही. असं सैल जोडलेलं मॉडेल एकदा उभं करून नीट बघा. कुठे रेघ दिसते, कुठे पोकळी आहे, कुठला भाग दुसऱ्यात अडकून बसतो, याची यादी इथेच होते.

जोडाची रेघ

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात फळ देणारं काम हे. पुढून-मागून किंवा डावी-उजवी अशी दोन अर्धुकं जुळणाऱ्या भागांच्या मधोमध रेघ राहते. हाता-पायाच्या नळकांड्या, बंदूक, बाझूका या ठिकाणी ती हमखास शोधा. पण प्रत्येक रेघ चूक नसते. काही ठिकाणी रचनाकारांनी ती मुद्दाम पत्र्याच्या जोडावर आणलेली असते, तिथे ती राहू द्या. चित्र बघून ठरवा.

दोन्ही कडांना सिमेंट सढळ हाताने लावा, अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा एक हात द्या आणि मग भाग दाबा. वितळलेलं प्लास्टिक रेघेतून बारीक कण्यासारखं बाहेर यायला हवं. नाही आलं तर सिमेंट कमी पडलं. आता चिमटे लावून बाजूला ठेवा. एक रात्र पुरत नाही, किमान दोन दिवस द्या, पावसाळ्यात आणखी. वरून सुकलेलं आत मऊ असतं, आणि घाईने घासलं तर आठवड्याने तिथेच खळगी पडते. सुकल्यावर कणा चाकूने खरवडा आणि ४०० पासून १००० पर्यंत पाणी लावून घासा. पाणी हवंच, त्याने पेपर भरत नाही आणि प्लास्टिकची धूळ नाकात जात नाही.

रंग न देता रेघ घालवायची युक्ती: पातळ सिमेंटच्या अर्ध्या बाटलीत त्याच हिरव्या रनरचे बारीक तुकडे टाकून रात्रभर ठेवा. मधासारखा दाट हिरवा गोंद तयार होतो. तो फटीत भरला की भरावाचा रंग मॉडेलच्याच प्लास्टिकचा असतो.

अडचण येते ती एक भाग दुसऱ्याच्या दोन अर्धुकांत अडकलेला असतो तेव्हा. उदाहरणार्थ, कोपराचा सांधा हाताच्या नळीत. नळी चिकटवली की सांधा बाहेर काढून वेगळा रंगवता येत नाही. अशा वेळी सांध्याच्या गोल खाचेला एका बाजूने तोंड पाडून ती इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी करायची, म्हणजे नळी आधी चिकटवून, घासून, रंगवून सांधा नंतर आत सरकवता येतो. जपानी मॉडेलकार याला ‘आतोहामे’ म्हणतात. तोंड जरा अरुंदच ठेवा, नाहीतर हात लोंबेल.

खरा बदल: नळ्या, डोळा, पत्रे

झाकूची ओळख म्हणजे तोंडाशी, कमरेला आणि पोटऱ्यांवर दिसणाऱ्या जाड नळ्या. एचजी संचात त्या अखंड प्लास्टिकच्या असतात, कड्यांचा नुसता आभास. हाच भाग बदलला तर मॉडेलची पातळी एकदम वर जाते. सामान मॉडेलच्या दुकानातून मागवायची गरज नाही, इमिटेशन दागिन्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. संचातल्या नळीची जाडी व्हर्नियरने मोजा, तेवढ्याच व्यासाचे धातूचे आखूड नळीसारखे मणी शोधा आणि ते बारीक तारेत ओवा. गोल मणी टाळा, ते माळेसारखेच दिसतात. मण्यांमधून दिसेल अशी बारीक स्प्रिंग घातली तर आणखी छान. नळीची दोन्ही टोकं जिथे शिरतात तिथे ड्रिलने भोक पाडा, तार आत घालून सुपर ग्लूने पक्की करा. त्याआधी बघा, दोन्ही टोकं एकाच भागात जातात का? ती वेगवेगळ्या हलत्या भागांत जात असतील तर एक टोक सुटं ठेवा, नाहीतर सांधा फिरणारच नाही.

डोळ्यासाठी संचात बहुधा चमकदार स्टिकर असतो. त्याऐवजी त्याच दुकानातला, सपाट तळाचा आणि घुमटासारखा गुलाबी खडा घ्या. पैलू पाडलेला नको, तो टिकलीसारखा दिसतो. मागे चांदीरंगाचा ठिपका देऊन बसवा. खोबणीत बसत नसेल तर खोबणी थोडी खोल करा. हा खडा सगळ्यात शेवटी, मॅट कोटनंतर, म्हणजे चकाकी घालवणारा पारदर्शक थर दिल्यावर.

डाव्या खांद्यावरचे काटे आणि सेनानीच्या झाकूचं शिंग बोथट येतात, कारण खेळण्याच्या सुरक्षेचे नियम. टोकं तासून अणकुचीदार करा. बंदुकीच्या नळीचं तोंड बंद असेल तर ड्रिलने उघडा. दहा मिनिटांचं काम, पण बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते.

नवे पत्रे लावायचे तर पॉलिस्टायरिनच्या शीट वापरा. प्लास्टिक शीट विकणाऱ्यांकडे ‘हिप्स’ या नावाने मिळतात. १/१४४ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची शीट म्हणजे सात सेंटिमीटर जाड चिलखत, त्यामुळे ०.३ आणि ०.५ या दोनच जाड्या पुरतात. जुन्या एटीएम कार्डाचं प्लास्टिक पीव्हीसी असतं, त्याला हे सिमेंट धरत नाही. पत्र्याचा आकार आधी मास्किंग टेपवर काढा, टेप शीटवर चिकटवून कापा, म्हणजे डावा-उजवा सारखा येतो. कुठे लावायचे? जिथे मार बसेल आणि सांध्याला अडचण होणार नाही तिथे: मांडीचा पुढचा भाग, ढालीची कड, छाती.

दुसऱ्या संचांचे सुटे भागही वापरा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ची अवकाशयानं बनवणाऱ्यांनी रणगाडे आणि जहाजांच्या बाजारातल्या संचांतले भाग यानांवर चिकटवले होते. जपानमध्ये कोऊ योकोयामा यांनी १९८२ पासून ‘हॉबी जपान’ मासिकात अशाच जोडकामातून आपलं आख्खं यंत्रविश्व उभं केलं. तुमच्याकडे १/३५ रणगाड्याचे उरलेले भाग असतील तर त्यातला साधा डबाही झाकूच्या पाठीवर मोठी टाकी होऊन बसतो. मात्र ओळखू येणारी वस्तू लावू नका. फावडं १/३५ चं आहे हे कळलं की सगळं माप कोसळतं.

पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या नव्या रेघा कोरायच्या असतील तर ०.१५ किंवा ०.२ मिलिमीटरची छिन्नी घ्या. जाड डायमो टेप पट्टीसारखी लावून हलक्या हाताने पाच-सहा वेळा ओढा. पहिल्याच ओढीत जोर दिला की हत्यार घसरतं. चुकलेली रेघ सुपर ग्लूने भरून घासता येते, म्हणून घाबरायचं कारण नाही. जास्त रेघा म्हणजे जास्त तपशील हा मात्र गैरसमज आहे. दोन रेघांमध्ये मोकळा पत्रा दिसला तरच रेघ डोळ्यात भरते.

रंग

सगळे भाग भांडी घासायच्या साबणाने धुवून पूर्ण वाळवा. घासल्याची पूड आणि बोटांचं तेल रंगाला धरू देत नाही. मग प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर. करड्या प्राइमरखाली राहिलेली प्रत्येक रेघ दिसू लागते, तेव्हा पुन्हा घासायचं, पुन्हा प्राइमर. हा फेरा एकदा तरी होतोच.

एअरब्रश असेल तर रंग पातळ करून साधारण एक ते दीड बार दाबाने पातळ थर द्या. नसेल तर ब्रशनेही सुंदर काम होतं: अॅक्रिलिक रंग, चपटा मऊ ब्रश, तीन-चार पातळ थर आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. पहिला थर पट्ट्यापट्ट्यांचा आणि ओंगळच दिसतो, तो दुरुस्त करत बसू नका. हार्डवेअरच्या दुकानातला दारा-खिडक्यांचा ऑइल पेंट इथे चालत नाही. तो इतका जाड बसतो की कोरीव रेघा बुजतात. तिथलाच एनसी थिनर तर प्लास्टिकच वितळवतो.

झाकूचे दोन हिरवे डब्यातल्यापेक्षा किंचित फिकट घ्या. एवढ्याशा वस्तूवर मूळ गडद रंग आणखी काळा वाटतो. रंग आधी रिकाम्या रनरवर लावून बघायची सवय लावा. खुंट्या आणि सांध्यांच्या घासणाऱ्या बाजू मास्किंग टेपने झाका, रंगाच्या थराने सांधे घट्ट होतात आणि जोर लावला की खुंटी तुटते.

स्प्रे किंवा एअरब्रशसाठी खिडकी उघडी हवी आणि तोंडावर सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क. कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही.

चकाकीपासून मॅटपर्यंतचा क्रम

क्रम चुकला तर आधीची मेहनत पुसली जाते: रंग, ग्लॉस कोट (चकाकीचा पारदर्शक थर), डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं), कोरीव रेघांतला गडद रंग, मॅट कोट, मळ आणि ओरखडे, गरज वाटली तर पुन्हा हलका मॅट.

ग्लॉस कशासाठी? खडबडीत पृष्ठभागावर पाण्याच्या डिकॅलखाली हवा अडकते आणि कडा पांढऱ्या दिसतात. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावर रेघेत सोडलेला पातळ इनॅमल रंग केशाकर्षणाने स्वतःच धावतो. सांडलेला भाग इनॅमल थिनर किंवा लायटर फ्लुइडमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाने रेघेला आडवा पुसा. हा थिनर उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः एबीएसवर आणि ताणात बसलेल्या सांध्यांवर लागला तर ते तडकतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी. रंग न दिलेल्या मॉडेलवर बारीक टोकाचा गंडम मार्कर वापरा, तो सुरक्षित. हिरव्यावर काळी रेघ कर्कश दिसते. गडद तपकिरी किंवा काळपट हिरवी घ्या.

मॅट कोटचा परिणाम बघितल्याशिवाय पटत नाही. रंग न देता, नुसतं गेट साफ करून, रेघा भरून मॅट मारला तरी मॉडेल निम्म्याहून अधिक सुधारतं. ज्यांना इतकं सगळं करायचं नाही त्यांनी एवढं तरी करावंच.

पण इथे मुंबई-कोकणातल्या मंडळींना हवामान आडवं येतं. दमट हवेत स्प्रे मारला की वाळताना त्यात ओलावा अडकतो आणि मॉडेलवर पांढरट धुकं बसतं. आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर असेल तर डबा खाली ठेवा. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट व्हार्निश वापरा, किंवा तोवर जोडकामच करा. स्प्रे दुपारी, कोरड्या दिवशी, २०-२५ सेंटिमीटरवरून, मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. धुकं आलंच तर कोरड्या दिवशी हलका ओलसर थर दिल्यावर बहुतेक वेळा जातं.

ओरखडे, मळ, धूळ

आता लिहून ठेवलेलं वाक्य काढा. स्पंजचा छोटा तुकडा गडद तपकिरी रंगात टेकवा, कागदावर जवळजवळ सगळा रंग काढून टाका आणि मग भागांच्या कडांवर टिपा. ढालीची कड, गुडघे, बोटं, पायाचे चवडे या ठिकाणी जास्त, पाठीवर आणि डोक्यावर अगदी थोडं. चांदीरंग फक्त जिथे सतत घासतं तिथे. सगळीकडे चांदी लावली की यंत्र चॉकलेटच्या कागदात गुंडाळल्यासारखं दिसतं.

मळाच्या ओघळांसाठी चित्रकारांचे तैलरंग सर्वोत्तम, शालेय स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी कॅमलिनची बर्न्ट अंबरची ट्यूबही चालते. टोकदार ब्रशने टिंबाएवढा रंग ठेवा, वास नसलेल्या व्हाइट स्पिरिटमध्ये ब्रश नुसता भिजवून पुसून घ्या आणि वरून खाली एकदाच ओढा. तैलरंग तासन्‌तास ओला राहतो, आवडलं नाही तर पुसता येतं. खाली मॅट कोटचा पक्का थर असल्याशिवाय हे करू नका.

धूळ शेवटी. कोरड्या खडूची, म्हणजे सॉफ्ट पेस्टलची, पूड करून मऊ ब्रशने पावलांवर आणि पोटऱ्यांवर थापा, वर जाता जाता विरळ करा. रंग तुमच्या वाक्यातल्या जमिनीचा हवा. वाळवंटाला पिवळसर, जांभ्याच्या सड्यावर उभा करणार असाल तर विटकरी. अंगणातली खरी माती वापरायचा मोह होतो, पण तिचे कण या मापाला दगड होतात. पूड बसली की तिला हात लावू नका. वरून मॅट मारला तर ती निम्मी नाहीशी होते, म्हणून आधीच थोडी जास्त घ्या किंवा ती तशीच सोडून मॉडेल काचेच्या कपाटात ठेवा.

मग डोळ्याचा खडा बसवा, सांधे एकेक करून हळू फिरवून बघा आणि घट्ट वाटला तिथला रंग खुंटीवरून खरवडून काढा. कपाट थेट उन्हाच्या खिडकीसमोर नको, उन्हाने रंग विटतात आणि फिकट प्लास्टिक पिवळं पडतं.